ग्रीकांना ग्रीसच्या भूगोलाने किती घडवलं?

रानवाटा

शाळेत इतिहासाच्या तासाला एक वाक्य पाठ केलं होतं: ग्रीस डोंगराळ असल्यामुळे तिथे नगरराज्यं निर्माण झाली. दोन गुणांचं उत्तर होतं ते. गेल्या वर्षी मे महिन्यात डेल्फीला गेलो आणि ते वाक्य पुन्हा आठवलं. देवळाच्या अवशेषांपाशी उभं राहिलं की पाठीशी पार्नासस डोंगराचे उभे कडे, समोर खोल दरी, दरीच्या तळाशी ऑलिव्हची दाट राई आणि ती राई संपते तिथे कॉरिंथच्या आखाताचं निळं पाणी. डोंगर, झाड आणि समुद्र एका नजरेत मावतात. तेव्हापासून याच विषयावर वाचतो आहे. इथे शेतीतले, समुद्राकाठचे, इतिहासातले सगळेच आहेत, म्हणून धागा काढला.

मला समजलं ते थोडक्यात असं. ग्रीसचा जवळजवळ ८० टक्के भाग डोंगराळ. सर्वांत उंच ऑलिंपस, २९१८ मीटर. नद्या आखूड, त्यातल्या बऱ्याच उन्हाळ्यात आटणाऱ्या. नाईल किंवा गंगेसारखी बारमाही, गाळ आणणारी नदी नाही. पाऊस हिवाळ्यात, उन्हाळा कोरडा ठाक. सपाट जमीन आहे ती डोंगरांच्या मधल्या खोऱ्यांत, तुकड्यातुकड्यांनी. थेसलीचं मैदान मोठं, म्हणून घोडे पाळणं तिथल्या लोकांना परवडलं आणि त्यांचं घोडदळ नावाजलं गेलं. बाकीच्यांनी पायीच लढावं.

इ.स.पू. ७०० च्या सुमाराचा कवी हेसिओड मध्य ग्रीसमधल्या बिओशिया प्रांतातल्या आस्क्रा गावचा. त्याचा बाप गरिबीला कंटाळून समुद्रापलीकडच्या किमे या गावाहून आला आणि हेलिकॉन डोंगराच्या पायथ्याशी वसला. आपल्या या गावाबद्दल हेसिओड म्हणतो की ते हिवाळ्यात वाईट, उन्हाळ्यात त्रासदायक आणि चांगलं तर कधीच नाही. स्वतःच्या गावाविषयी इतकं खरं लिहिणारा माणूस मला फार जवळचा वाटला.

तर प्रश्न असा: ग्रीक जसे जगले, त्यातलं किती त्या जमिनीने ठरवलं?

सातबारा

रानवाटा, धागा आवडला. आमची जमीन आटपाडीकडे, कोरडवाहू. त्यामुळे मी आधी पावसाचंच बोलणार.

अथेन्सला वर्षाला सरासरी साधारण ४०० मिलिमीटर पाऊस पडतो. आकडा वाचून बाहेरचा माणूस म्हणेल, भागेल की. पण सरासरीवर कोणी पेरत नाही. गव्हाला हंगामात ३०० मिलिमीटरच्या आसपास तरी लागतो, सातू २०० च्या आसपास तग धरतो. ४०० च्या सरासरीत एखादं वर्ष २५० चं निघणारच, आणि त्या वर्षी गहू गेला. म्हणून अटिकातल्या, म्हणजे अथेन्सच्या भोवतालच्या प्रदेशातल्या, शेतकऱ्याचं मुख्य पीक सातू. गहू चवीला चांगला, मानाचा, पण भरवशाचा सातू. आपल्याकडे ज्वारी-बाजरीचं जे, तेच.

खाण्याचंही तसंच. सातू भाजायचे, दळायचे आणि ते पीठ पाण्यात, दुधात नाहीतर तेलात कालवून गोळा करायचा. त्या गोळ्याला ग्रीक लोक ‘माझा’ (maza) म्हणत. चूल पेटवायला नको. माझी आजी उन्हाळ्यात सातूचं पीठ गूळ-पाण्यात कालवून द्यायची, त्यामुळे हे वाचताना मला काही परकं वाटलं नाही. जळण वाचवणं हासुद्धा त्यात भाग असणार, कारण झाडं तुटत चालली होती. प्लेटोने अटिकाच्या जमिनीला आजारी माणसाच्या सांगाड्याची उपमा दिली आहे: मऊ, सकस माती वाहून गेली आणि हाडं तेवढी उरली. जमिनीची धूप बघितलेल्या माणसाला हे वाक्य झोप लागू देत नाही.

दुसरी गोष्ट नक्षत्रांची. हेसिओड सांगतो, कृत्तिका उगवू लागल्या की कापणीला लागा, मावळू लागल्या की नांगर धरा. म्हणजे मे महिन्यात कापणी आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरणी. आपण मृग, आर्द्रा, हस्त मोजतो, तो आपल्याच कृत्तिका मोजत होता. फक्त त्याचा पाऊस आपल्या उलट्या टोकाला.

आणि जमिनीचे तुकडे. तिथला कुणबी एकाच जागी सगळं रान ठेवत नसे. एक पट्टी खाली ओढ्याकाठी, एक उतारावर, एक पलीकडच्या कुशीत. एका डोंगराच्या दोन बाजूंना सारखा पाऊस पडत नाही. तुकडेजोड योजना राबवणाऱ्याला हे अडाणीपणाचं वाटेल, पण ते पीकविम्याचं काम करत होतं. आमच्याकडे जुन्या वाटण्या करताना प्रत्येक भावाला थोडी चांगली, थोडी मुरमाड जमीन देत, ते मला अजूनही शहाणपणाचं वाटतं.

दर्याकिनारा

सातबारा यांच्या नक्षत्रांच्या मुद्द्याला जोडून. मी रत्नागिरीचा, घरात पूर्वी मासेमारी होती. आमच्याकडे पावसाळ्यात होड्या वर ओढून शाकारून ठेवतात आणि नारळी पौर्णिमेला नारळ देऊन समुद्र उघडतो. मधल्या काळात माणसं भातलावणीला. ग्रीकांचं अगदी असंच होतं, ऋतू तेवढा वेगळा. हिवाळी पाऊस सुरू झाला की पेरणी आणि त्याच वेळी समुद्र बंद. हेसिओड सांगतो, होडी ओढून घे, भोवती दगड रच, सुकाणू धुरावर टांग. प्रवासाला चांगले दिवस कोणते, तर कर्कसंक्रमणानंतरचे ५०. स्वतः तो समुद्रावर गेला एकदाच, ऑलिसहून समोरच्या युबिआ बेटावर. ती सामुद्रधुनी एवढी चिंचोळी की हाकेच्या अंतरावर म्हणावी. तरीही बापजाद्यांच्या अनुभवावर भावाला सल्ला देतो. ज्या समाजात डोंगराकाठचा शेतकरीसुद्धा होडीची डागडुजी कशी करावी ते सांगतो, तिथे समुद्र किती आत शिरला असेल!

एजियन समुद्राची रचनाच अशी की चांगल्या हवेत एक बेट मागे पडायच्या आत पुढचं दिसू लागतं. किनारा नजरेआड फारसा होत नाही. पण वारा बघावा लागतो. जुलै-ऑगस्टमध्ये उत्तरेकडून जोरदार वारे वाहतात, ग्रीक त्यांना एटेसियन म्हणजे वार्षिक वारे म्हणत. दक्षिणेकडे जायला उत्तम, उत्तरेकडे जायला वैरी. मॅसिडोनियाचा फिलिप हे ओळखून होता. अथेन्सचा वक्ता डेमॉस्थेनीस तिथल्या लोकांना कळकळीने सांगतो की हा माणूस नेमका एटेसियन वाऱ्यांची किंवा हिवाळ्याची वाट बघून हल्ला करतो, जेव्हा आपल्याला तिथे पोचताच येत नाही. उत्तरेच्या राजाला वारा फुकटचा मित्र मिळाला होता.

पेलोपोनीज या ग्रीसच्या दक्षिणेकडच्या द्वीपकल्पाच्या दक्षिण टोकाला मॅलिया भूशिर आहे. मॅलियाला वळसा घालणार असाल तर घर विसरा, अशी ग्रीक नाविकांची म्हण भूगोलकार स्ट्रॅबोने नोंदवली आहे. तो वळसा टाळायचा तर उपाय कॉरिंथची संयोगभूमी, जेमतेम सहा-साडेसहा किलोमीटर रुंद. कॉरिंथकरांनी इ.स.पू. ६०० च्या सुमारास तिथे फरसबंद वाट बांधली, डिओल्कोस. तिच्यावरून माल आणि प्रसंगी जहाजंसुद्धा ओढून एका समुद्रातून दुसऱ्या समुद्रात नेत. कॉरिंथला दोन बंदरं, पश्चिमेला लेखायॉन आणि पूर्वेला केंख्रेआय. अशा जागेवर बसलेलं शहर श्रीमंत न होतं तरच नवल. कालवा खणायचा प्रयत्न नीरोने इ.स. ६७ मध्ये केला, तो पुरा झाला १८९३ साली.

पुराणवस्तू

सगळे प्रतिसाद मन लावून वाचले. पण मूळ वाक्यालाच माझी हरकत आहे आणि ती नोंदवतो.

डोंगरांमुळे नगरराज्यं झाली म्हणता, तर तेच डोंगर इ.स.पू. १३०० मध्येही होते. तेव्हा मायसिनी, पायलॉस इथे राजवाडे होते, कारकून मातीच्या पाट्यांवर लोकर, तेल, कांसं यांचे हिशोब लिहीत होते, राजवाड्याचा अंमल दूरवर चालत होता. इ.स.पू. १२०० च्या आसपास ती व्यवस्था कोसळली. नंतर रोमनांनी, मग बायझंटाइन सम्राटांनी, मग उस्मानी सुलतानांनी याच डोंगरांवर शतकानुशतकं एकछत्री राज्य केलं. डोंगर आडवे आले नाहीत.

दुसरं उदाहरण केऑस बेटाचं. क्षेत्रफळ जेमतेम १३० चौरस किलोमीटर, आणि त्यावर चार स्वतंत्र नगरराज्यं: इउलिस, कार्थाया, कोरेसिया, पोइएसा. लेस्बॉसवर पाच. बिओशियाच्या सलग सपाटीवर डझनभर. यांच्यामध्ये कोणती पर्वतरांग होती? उलट स्पार्टाने तायगेटसची २४०० मीटर उंचीची रांग ओलांडून मेसेनिया जिंकला आणि तिथल्या माणसांना हेलॉट, म्हणजे जमिनीला बांधलेले वेठबिगार, करून पिढ्यान्पिढ्या राबवलं. स्पार्टाचा नागरिक आयुष्यभर शस्त्रांचा सराव करू शकला तो या लोकांनी पिकवलेल्या धान्यावर. तिथे डोंगराने माणसाला अडवलं नाही, आणि त्या माणसांना वाचवलंही नाही.

भूगोल महत्त्वाचा आहेच. पण त्याच्यामागे माणसाचा निर्णय लपवू नये, एवढंच म्हणणं.

रानवाटा

पुराणवस्तू, केऑसचं उदाहरण मला माहीत नव्हतं. पाठ केलेलं वाक्य मी आज सोडून देतो.

मग माझा प्रश्न बदलतो. डोंगरांनी राज्यांच्या सीमा आखल्या नसतील, पण मोठं राज्य करायची गरज का पडली नाही? मोठ्या नदीचं पाणी वाटायचं तर हजारो माणसांना एका हुकमाखाली आणावं लागतं. इथे पाणी आभाळातून पडतं, ज्याच्या त्याच्या शेतात. ते वाटून देणारा राजा लागत नाही. सकाळी निघून शेतावर काम करावं, संध्याकाळी गावात परतावं, एवढ्या परिघात जग पुरतं. अटिका सुमारे २५०० चौरस किलोमीटर, म्हणजे आपले दोन-तीन तालुके, आणि ती ग्रीकांच्या मानाने खूप मोठी गणली जाई. एक हजाराहून जास्त नगरराज्यं अभ्यासकांनी मोजली आहेत, त्यातली बहुसंख्य याहून कितीतरी लहान. प्रत्येकाचं दैवत वेगळं, नाणं वेगळं, महिन्यांची नावंसुद्धा वेगळी.

ग्रीक इतिहासकार थ्युसिडिडीजचं एक निरीक्षण इथे बसतं. तो म्हणतो, जिथे जमीन सुपीक तिथे सतत भांडणं आणि नवे लोक येऊन जुन्यांना हुसकावत. अटिकाची माती हलकी, तिच्यावर कोणाचा डोळा नव्हता, म्हणून तिथे तीच माणसं टिकून राहिली. गरीब जमिनीने दिलेली ही सुरक्षितता.

माळरान

डोंगर तोडतात हे अर्धंच खरं. गुरं-मेंढरं राखणाऱ्यासाठी डोंगर म्हणजे भेटीची जागा.

सोफोक्लीजच्या ईडिपस राजाच्या नाटकाची सगळी गाठ दोन मेंढपाळांवर सुटते. एक थीब्जचा, एक कॉरिंथचा. कॉरिंथचा आठवण करून देतो की सिथेरॉन डोंगरावर आपण तीन वर्षं, वसंतापासून स्वाती उगवेपर्यंत सहा-सहा महिने शेजारी शेजारी कळप चारले. हिवाळा आला की मी माझ्या वाड्याकडे आणि तू तुझ्या धन्याच्या. टाकून द्यायला दिलेलं बाळ एका हातातून दुसऱ्या हातात गेलं ते त्या डोंगरावर. खाली दोन राज्यं, वर कुरण सामाईक. प्रेक्षकांना हे समजावून सांगावं लागलं नसणार, कारण त्यांचे मेंढपाळ तसेच जात-येत होते.

आमच्या भागातले धनगर दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात जातात आणि पावसाच्या तोंडाला परत वर येतात. ज्यांचं ऊन-पाऊस कळपाबरोबर चालतं, त्यांना सीमा वेगळ्या दिसतात.

निशिगंध

एवढी चर्चा झाली, शेतकरी आले, नावाडी आले, मेंढपाळ आले. बायका कुठे आहेत?

उबदार हवेमुळे ग्रीक माणूस उघड्यावर जगला असं सगळीकडे लिहितात. खरंच आहे. अथेन्सची सभा निक्स टेकडीवर उघड्या आकाशाखाली भरत असे, नाटकं डोंगराच्या उतारावर कोरलेल्या पायऱ्यांवर, न्यायनिवाडा, बाजार, गप्पा, सगळं बाहेर. पण हे बाहेर पुरुषांचं होतं. घरं कच्च्या विटांची, रस्त्याकडे जवळजवळ कोरी भिंत आणि आत चौक. त्या चौकात बाई दळते, लोकर पिंजते, माग चालवते. त्याच उन्हाने पुरुषाला चौथऱ्यावर नेलं आणि तिला चौकात ठेवलं. ऊन ठरवत नाही कोण कुठे बसणार.

पाण्यामुळे मात्र तिला बाहेर पडायची वाट मिळाली. मातीच्या हायड्रियांवर, म्हणजे पाण्याच्या घागरींवर, झऱ्याच्या घराशी जमलेल्या बायकांची चित्रं आहेत: डोक्यावर चुंबळ, त्यावर घागर, एकमेकींशी बोलताहेत. कोरड्या उन्हाळ्याच्या देशात पाणवठा हे गावाचं दुसरं सभास्थान असणार, आणि ते बायकांचं. अर्थात श्रीमंत घरातून तिथेही गुलाम स्त्रीच पाठवली जाई.

सातबारा

निशिगंधताई, चुंबळ वाचून एकदम घर आठवलं. धन्यवाद.

ऑलिव्हचं राहिलं होतं. लावल्यावर पाच-सात वर्षं तरी फळ नाही, पुरतं भरात यायला आणखी किती तरी. एक वर्षाआड भरघोस येतं. मुळं खोल, खडकाळ उतारही चालतो. धान्याची पेरणी आटोपली की हिवाळ्यात त्याची काढणी, म्हणजे घरच्याच हातांना दोन हंगामांचं काम. खायला तेल, दिव्याला तेल, अंगाला तेल. अथेन्सचा कायदेकर्ता सोलोन याने इ.स.पू. ५९४ च्या सुमारास कायदा केला: शेतमालापैकी फक्त तेल बाहेर विकता येईल, धान्य नाही. जे आपल्याकडे उरतं ते विका, जे पुरत नाही ते राखा. ज्याला ऑलिव्ह लावायचं आहे त्याला दहा वर्षं शांतता हवी, हेही लक्षात घ्या. शत्रू अटिकात शिरत तो धान्य पिकायच्या सुमारास, आणि झाडांवर कुऱ्हाड चालवत.

दर्याकिनारा

धान्य पुरत नव्हतं म्हणालात, त्याचा शेवट समुद्रावरच होतो. अथेन्सची वस्ती वाढली तसं धान्य बाहेरून येऊ लागलं, त्यातलं बरंचसं काळ्या समुद्राच्या उत्तर किनाऱ्यावरून. डेमॉस्थेनीसने सांगितलेला आकडा आहे: तिथल्या बॉस्पोरस राज्यातून वर्षाला ४,००,००० मेडिम्नॉय (धान्य मोजायचं ग्रीक माप). ती सगळी जहाजं हेलेस्पाँटच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीतून यायची.

आता दोन प्रसंग बघा. इ.स.पू. ४८३ मध्ये अटिकाच्या दक्षिण टोकाला लॉरिऑनच्या खाणीत चांदीचा मोठा साठा लागला. नागरिकांत वाटून टाकायचा बेत होता. अथेन्सचा नेता थेमिस्टोक्लीज याने तो पैसा जहाजांत घालायला लावला. तीन वर्षांनी सॅलॅमिसच्या अरुंद पाण्यात पर्शियाचं प्रचंड आरमार दाटीने अडकलं आणि हरलं. एका ट्रायरीमवर, म्हणजे वल्ह्यांच्या तीन ओळी असलेल्या युद्धजहाजावर, १७० वल्हेकरी. अशी २०० जहाजं म्हणजे ३४,००० माणसं. ज्याला चिलखत-भाला परवडत नाही, तोही वल्हं मारू शकतो. आणि जो शहर वाचवतो त्याचं मत डावलता येत नाही. अथेन्सच्या लोकशाहीवर नाराज असलेल्या एका अनाम लेखकानेही हे कबूल केलं आहे. चांदी मात्र गुलामांनी अरुंद बोगद्यांत रांगत काढली होती, त्यांना मत नव्हतं.

दुसरा प्रसंग इ.स.पू. ४०५. हेलेस्पाँटवर एगोस्पोटामीपाशी स्पार्टाचा सेनापती लायसँडर याने अथेन्सचं आरमार किनाऱ्यावर बेसावध गाठलं आणि जवळपास सगळंच पकडलं. धान्याची वाट बंद झाली. पुढच्या वर्षी उपाशी अथेन्सने शरणागती पत्करली. शहराच्या भिंती धड होत्या, पण भाकरी शेकडो मैलांवरून येत होती.

निशिगंध

एक शंका. आपल्या लेण्यांमधले यवन म्हणजे हेच का?

रानवाटा

शब्द तिथलाच. आशिया मायनरच्या किनाऱ्यावरचे ग्रीक ते आयोनियन, इराणी भाषेत यौन, आपल्याकडे यवन. कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या खांबांवर धेनुकाकटच्या यवनांनी दान दिल्याचे लेख आहेत. पुढे हा शब्द पश्चिमेकडच्या परक्यांसाठी सरसकट वापरला गेला, त्यामुळे ते सगळे ग्रीकच होते असं धरू नये. पण इ.स. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक नाविकाच्या वाटाड्या-वहीत सोपारा, कल्याण, चौल, पैठण आणि तेर यांची नावं आहेत. एटेसियन वाऱ्यांचं वेळापत्रक पाठ असलेल्या लोकांना मोसमी वाऱ्यांचंही लक्षात आलं.

पुराणवस्तू

आधी मी माणसाच्या निर्णयाचं म्हणालो होतो. आता दुसऱ्या बाजूचंही सांगतो, नाहीतर माझा प्रतिसाद एकांगी राहील.

थर्मोपिलीला गेलात तर गोंधळून जाल. स्पार्टाचा राजा लिओनिदास याचा पुतळा आहे, रस्ता आहे, आणि समुद्र पार काही किलोमीटर दूर. इ.स.पू. ४८० मध्ये डोंगर आणि पाणी यांच्यामध्ये काही ठिकाणी एका गाडीपुरती वाट होती, म्हणून मूठभर ग्रीकांना पर्शियाचं सैन्य रोखता आलं. नंतर स्पेर्खिऑस नदीने गाळ टाकून टाकून खिंडीचं मैदान केलं. भूगोलही स्थिर नसतो. इ.स.पू. ४६४ मध्ये स्पार्टात भूकंप झाला आणि ती संधी साधून हेलॉट उठले. इ.स.पू. ३७३ मध्ये हेलिके शहर एका रात्रीत भूकंप आणि लाटेत बुडालं. तिथल्या लोकांनी घेतलेले सगळे निर्णय त्यांच्याबरोबर गेले.

सातबारा

माझ्याकडून शेवटची भर, ग्रीक इतिहासकार हिरोडोटसमधली. थेरा बेटावर, म्हणजे आजच्या सँटोरिनीवर, सात वर्षं पाऊस पडला नाही. बेटावरची झाडं वाळली, एक तेवढं उरलं. डेल्फीच्या देववाणीने सांगितलं, लिबियात वसाहत करा. माणसं निवडून दोन जहाजांतून पाठवली. त्यांना जमेना म्हणून ती परत फिरली, तर थेराच्याच लोकांनी किनाऱ्यावरून त्यांच्यावर मारा केला, उतरू दिलं नाही. परत जा म्हणाले. घरात दाणा नसला की माणूस भावालाही दार उघडत नाही, हे दुष्काळ पाहिलेल्यांना सांगायला नको.

ती माणसं पुन्हा आफ्रिकेच्या किनाऱ्याला लागली. काही वर्षांनी तिथल्या रहिवाशांनी त्यांना आतल्या एका झऱ्यापाशी नेलं आणि म्हणाले, ग्रीकांनो, इथे राहा, इथे आभाळाला भोक आहे. इ.स.पू. ६३० च्या सुमारास तिथे सायरीन शहर वसलं.

तीनशे वर्षांनंतर, इ.स.पू. ३३० च्या आसपास, ग्रीसमध्ये धान्याची मोठी टंचाई पडली. तेव्हा सायरीनने कुठे कुठे धान्य पाठवलं त्याची यादी दगडावर कोरलेली सापडली आहे. एकूण ८,०५,००० मेडिम्नॉय, त्यातले १,००,००० अथेन्सला. त्या यादीत थेराचंही नाव आहे.